‘एमजी-पिकोला’ महिनाभर वापरल्यावर

लॅपटॉपवर सिम्युलेशन करून विश्व वाढवत बसायचा नाद मला जुना. आजवर ते नेहमीच्याच गुरुत्वाकर्षणावर चालायचं. गेला महिनाभर ‘एमजी-पिकोला’ वापरतोय. फुकट मिळणारा, सी भाषेतला कोड. आधीच्या ‘एल-पिकोला’मध्ये पर्यायी गुरुत्वाकर्षणाचे सिद्धांत बसवून केलेला.

बसवण्यात एक संध्याकाळ गेली. चूक माझीच, एफएफटीडब्ल्यू ही गणिती लायब्ररी एमपीआयशिवाय, म्हणजे अनेक प्रोसेसर मिळून चालवण्याच्या सोयीशिवाय, कंपाइल केली होती.

मग २५६ च्या घनाइतके, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख कण घेतले. एक रन आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाचा, दुसरा हू-साविकींच्या एफ-आर या पर्यायी मॉडेलचा. दोन्ही चित्रं इतकी वेगळी आली की मी हरखलोच! नंतर कळलं, कणांची सुरुवातीची मांडणी ठरवणारा आकडा, म्हणजे सीडच, वेगळा पडला होता. एकच सीड देऊन पुन्हा चालवलं, तर तेच तंतू, त्याच पोकळ्या. डोळ्यांना काही म्हणता काही फरक दिसेना. पॉवर स्पेक्ट्रमचं, म्हणजे कुठल्या अंतरावर द्रव्य किती गोळा झालंय त्या मोजमापाचं, दोन्ही रनमधलं गुणोत्तर काढलं तेव्हा कुठे लहान अंतरांकडे रेघ वर चढलेली दिसली. बरोबरच आहे म्हणा. या मॉडेलात गुरुत्वाकर्षण वाढून वाढून एक तृतीयांशाने वाढणार, आणि जिथे द्रव्य दाट तिथे ते जादा बल सरड्यासारखं दडून बसणार. त्या युक्तीचं नावच ‘कमेलिऑन’, म्हणजे सरडा.

हे दडणं मोजणंच महाग. २०१२ च्या ‘इकॉसमॉग’सारखे पूर्ण कोड प्रत्येक पायरीला अरेषीय समीकरण मल्टिग्रिडवर, म्हणजे लहानमोठ्या जाळ्यांवर, घोटत बसतात. इथे गोल वस्तूसाठी काढलेल्या उत्तरावरून एक अंदाजी गुणक लावलाय, झालं. मोठ्या अंतरांवरची हालचालही या कोडच्या ‘कोला’ नावाच्या झटपट पद्धतीत सूत्रानेच निघते, त्यामुळे माझं काम ३० पायऱ्यांत उरकलं.

या घाईची किंमत हेलोच्या, म्हणजे द्रव्याच्या दाट गोळ्याच्या, पोटात मोजावी लागते. तिथल्या कणांच्या घिरट्या इतक्या मोठ्या पायऱ्यांत पकडता येत नाहीत, म्हणून आतल्या घनतेचा आलेख यावरून काढू नका. नुसता पॉवर स्पेक्ट्रमही लहान अंतरांवर कमी भरतो. पण दोन्ही रनमध्ये तो जवळपास सारखाच कमी भरतो, म्हणून भागाकारात चूक बरीचशी कटते. मला हवं होतं ते गुणोत्तरच, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मॉन्डवाल्यांनी, म्हणजे डार्क मॅटरऐवजी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलू पाहणाऱ्यांनी, मात्र इकडे फिरकू नये, त्यांच्यासाठी ‘फँटम ऑफ रॅमसेस’ आहे. डीजीपी हे जादा मिती मानणारं गुरुत्वाकर्षणाचं मॉडेल इथे आहे. आजचा रात्रीचा रन त्याचाच. सीड दोनदा तपासलाय.