स्वतःची वेबसाइट की सोशल मीडियाचं खातं? ठरवण्याआधी एवढं पाहा

वेबसाइट काढावी की इन्स्टाग्राम-लिंक्डइनवर भागवावं, हा प्रश्न बहुतेक वेळा ‘फुकट आहे की पैसे पडतात’ यावर निकाली निघतो. खरं तर तो सर्वांत किरकोळ मुद्दा. काहीही टाकण्याआधी विचारायचं ते असं: हे दोन वर्षांनी कुणी शोधत येईल का? केलेल्या कामाचे नमुने, एखादी गोष्ट नीट समजावणारा लेख, संपर्काचा पत्ता, हे शोधलं जातं. उद्याच्या कार्यक्रमाची आठवण, आज सुचलेली कोटी, अर्धवट कामाचा फोटो, हे कुणी शोधत नाही; समोर आलं तर पाहतात. पहिल्या प्रकाराला वेबसाइट लागते, दुसऱ्याला सोशल मीडिया पुरतो.

पत्ता कुणाच्या नावावर

वेबसाइटची खरी किंमत तिच्या रूपात नाही, पत्त्यात आहे. जिओसिटीज या फुकट पानं देणाऱ्या सेवेवर लोकांनी हौसेने बांधलेली पानं दिसायला त्यांची स्वतःची होती, पण पत्ता कंपनीचा होता. २००९मध्ये याहूने ती सेवा जपानबाहेर बंद केली आणि पानं पत्त्यासकट गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गुगल प्लस २ एप्रिल २०१९ला. गाण्यांसाठी गाजलेलं सोशल मीडिया मायस्पेस तर चालू होतं. तरीही सर्व्हर हलवताना २०१५पर्यंत चढवलेली गाणी हरवल्याचं २०१९मध्ये समोर आलं. म्हणजे फुकटच्या सबडोमेनवर (दुसऱ्याच्या पत्त्याखाली मिळणाऱ्या उपपत्त्यावर) उभी केलेली ‘वेबसाइट’ या हिशेबात सोशल मीडियाच्याच रांगेत बसते.

डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, ‘विकत घेतलं’ असं आपण म्हणतो, पण तेही भाडेपट्ट्यावरच असतं. डॉट कॉमची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची करता येते. मुदत संपली की रजिस्ट्रारच्या (नावाची नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या) धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवस सवलतीचे, त्यानंतर ३० दिवस दंड भरून सोडवून घेण्याचे, मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि शेवटी नाव बाजारात मोकळं. इथे घात होतो तो एका साध्या चुकीमुळे: नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते, तो त्याच डोमेनवरचा असतो. डोमेन बंद पडलं की ईमेलही बंद पडतो आणि सूचना कुणालाच मिळत नाही. रजिस्ट्रारकडे दुसऱ्या डोमेनवरचा ईमेल द्या आणि मालक म्हणून तुमचंच नाव आहे ना, ते उघडून पाहा. साइट बनवणाऱ्याने सोयीसाठी स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलेलं असणं, हे प्रकरण फार सर्रास दिसतं.

डोमेन आणि होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची जागा) शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावं. होस्टिंग कंपनीने हात वर केले तर फाइली दुसरीकडे नेऊन डीएनएसच्या नोंदी (हा पत्ता कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणाऱ्या) बदलायच्या, पत्ता तोच राहतो. सोशल मीडियावरचं खातं असं उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मॅस्टोडॉनसारख्या, अनेक स्वतंत्र सर्व्हर जोडून बनलेल्या जाळ्यात फॉलोअर दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात, पण तिथेही जुन्या पोस्ट मागेच राहतात.

माणसं येतात कुठून

इथे सोशल मीडिया सरळ जिंकतो. नव्या वेबसाइटवर पहिले काही महिने चिटपाखरूही फिरकत नाही, आणि गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) दिला तरी गुगलला घाई नसते. उलट पहिल्याच पोस्टला ओळखीच्या चार जणांचा प्रतिसाद येतो. ज्याचं काम आजच्या आज लोकांसमोर जायला हवं, त्याने आधी खातं उघडावं, यात कमीपणा काही नाही.

पण ही गर्दी मंचावरून बाहेर पडत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरं मावतात, पण तिथे टाकलेल्या लिंकवर टिचकी मारता येत नाही. खातं नसलेला माणूस प्रोफाइल उघडतो तेव्हा थोडं खाली सरकताच लॉगिनची पाटी आडवी येते. आणि तीन वर्षांपूर्वीची एखादी पोस्ट शोधायची, तर ती तुमची तुम्हालाही सापडत नाही.

दोन्हींच्या सांध्यावर, म्हणजे साइटची लिंक व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकताना, हलगर्जी फार होते. पानात ओपन ग्राफचे टॅग (लिंकसोबत काय दिसावं हे सांगणाऱ्या कोडच्या ओळी) नसले तर बहुधा नुसती निळी ओळ दिसते आणि ती कुणी उघडत नाही. शीर्षक, दोन ओळींचं वर्णन आणि १२०० गुणिले ६३० पिक्सेलचं चित्र, एवढं द्यावं. चित्रावर मजकूर असेल तर तो मध्यभागी ठेवावा, कारण काही ॲप चित्र चौरस कापतात. चित्र बदललं तरी जुनंच दिसत राहिलं तर साइट बिघडलेली नसते. मंचाने जुनी प्रत साठवलेली असते. फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून ती पुन्हा ओढून घ्यायला लावता येते.

अक्षर आणि चित्र

सोशल मीडियावर मांडणीचा विचारच करावा लागत नाही, कारण ती तुमच्या हातात नसते. फॉन्ट त्यांचा, ओळींमधलं अंतर त्यांचं. नवख्याच्या दृष्टीने हा फायदाच म्हणायचा. स्वतःच्या साइटवर मोकळीक मिळते आणि मराठी मजकुराचे हालही तिथेच होतात.

तयार थीम (साइटच्या रूपाचे साचे) बहुधा रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांत ओळीची उंची १.४ असेल तर देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात, ती १.६ ते १.८ करावी. मथळ्यांना दिलेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यावर आणावं, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्द दात पडल्यासारखा दिसतो. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी (lang="mr") अशी नोंदवली, तर नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. ती नोंद नसेल तर हिंदी वळणाचे. हे काम एका ओळीचं, पण बहुतेक मराठी साइटवर ते केलेलं नसतं.

दुसरी अडचण पत्त्याची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि पत्ता कॉपी केला की त्या एका चिन्हाची ९ अक्षरं होतात, तीही टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली. साइट चालवण्याचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस पानाचा पत्ता २०० अक्षरांवर तोडतं, म्हणजे मराठीत जेमतेम २२ चिन्हं मावतात, आणि काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जातात. लांब मथळा दिला की पत्ता अर्ध्या शब्दावर तुटलेला दिसतो, त्याचं कारण हे. स्लग, म्हणजे पत्त्यातलं पानाचं नाव, हाताने लिहावा, दोन-तीन शब्दांचा, हवं तर रोमन लिपीत.

चित्रांच्या बाबतीत सोशल मीडिया तुमची काळजी घेतो, थोडी जास्तच. इन्स्टाग्राम फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीला आणून दाबून लहान करतो, बारीक रेषांचं काम त्यात मऊ पडतं. साइटवर उलटं होतं: कॅमेऱ्यातली ४,००० पिक्सेलची, ६-७ एमबीची फाइल तशीच चढवली जाते आणि मोबाइलवर पान उघडता उघडत नाही. १,६०० पिक्सेल रुंदी, फाइलचा प्रकार वेबपी, दर्जा ७५ ते ८० ठेवला तर बहुतेक फोटो काहीशे केबीत बसतात. कोडमध्ये रुंदी-उंचीचे आकडे लिहावेत, म्हणजे चित्र उतरताना मजकूर उड्या मारत नाही. लेझी लोडिंग (वाचक तिथवर पोचल्यावरच चित्र उतरवणं) खालच्या चित्रांना द्यावं. पानाच्या माथ्यावरच्या चित्राला दिलं तर पान मुद्दाम संथ केल्यासारखं होतं.

आणि एक गोष्ट, जी सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मोठे मंच फोटो दाखवताना त्यातली एक्झिफ माहिती (फाइलमध्ये दडलेली वेळ, जागा, कॅमेरा यांची नोंद) काढून टाकतात. तुमची साइट ती आपणहून काढेलच असं नाही. मोबाइलवर घरी काढलेल्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि मूळ फाइल उतरवून घेणाऱ्याला ते वाचता येतात. एक्सपोर्ट करतानाच ती माहिती गाळावी.

सवयीचा हिशेब

सोशल मीडियावर लिहायला कुणीतरी सतत ढोसत असतं: आकडा, लाल ठिपका, ‘तुम्ही बऱ्याच दिवसांत काही टाकलं नाही’ अशी सूचना. त्यामुळे लिहिलं जातं, हे मान्य करायला हवं. पण कशाला प्रतिसाद मिळतो ते पाहत पाहत माणूस तसंच लिहू लागतो, आणि पोर्टफोलिओत ठेवावं असं काम मागे पडतं.

वेबसाइटला हा ढोसणारा नाही. म्हणून ती बंद पडते ती बिघाडाने नाही, शांततेने. मुखपृष्ठावर ‘ताज्या नोंदी’ आणि त्याखाली दोन वर्षांपूर्वीची तारीख, हे चित्र इतकं सर्रास आहे की पाहणाऱ्याला वाटतं, माणसाने कामच सोडलं. दोष आळसाचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे: महिन्यातून एकदाही लिहिणार नसाल, तर तारखांवर बेतलेलं मुखपृष्ठ घेऊच नये. निवडक सहा-आठ कामं, परिचय आणि संपर्क अशी तीन स्थिर पानं ठेवली, तर वर्षभर हात लावला नाही तरी साइट शिळी दिसत नाही.

साधन निवडताना एकच मोजमाप लावा: मजकूर तयार झाल्यापासून तो साइटवर दिसेपर्यंत किती पायऱ्या? ह्यूगो, जेकिल यांच्यासारख्या स्थिर साइटच्या (आधीच तयार करून ठेवलेल्या पानांच्या) साधनांत डेटाबेस नसतो, हल्ल्याची भीती फार कमी, होस्टिंग फुकटातही भागतं. गिटहब पेजेस या फुकट होस्टिंगवर १ जीबीपर्यंतची साइट ठेवता येते. पण वर्षभराने परत आलात की बऱ्याचदा जुनी थीम नव्या आवृत्तीशी भांडते आणि एक ओळ बदलायला दुपार जाते. वर्डप्रेस मोबाइलवरूनही चालवता येतं, मात्र त्याला पाणी घालत राहावं लागतं: प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) मोजके ठेवायचे, अपडेट वेळच्या वेळी, वापरात नसलेलं प्लगइन नुसतं बंद न करता काढून टाकायचं. कोडची आवड असेल तर पहिलं घ्या, नसेल तर दुसरं. आवड नसताना केवळ ‘वेगवान’ म्हणून पहिलं घेणारे हमखास मध्येच सोडून देतात.

प्रतिक्रियांची चौकट सुरुवातीला बंदच ठेवावी. स्पॅम निवडण्यात दिवस जातात. ईमेलचा पत्ता आणि आरएसएस (नव्या नोंदी वाचकाला आपोआप कळवणारी सोय) पुरेसं आहे.

निघायची वेळ आली तर

इन्स्टाग्राम, फेसबुक तुमची माहिती उतरवून घेऊ देतात. एचटीएमएल किंवा जेसन यांपैकी प्रकार निवडावा लागतो. स्वतःला वाचायचं असेल तर पहिला, दुसरीकडे चढवायचं असेल तर दुसरा. तयार फाइलची लिंक काही दिवसच चालते, तेव्हा ईमेल येताच उतरवा. फोटो आणि मजकूर मिळेल, फॉलोअरांच्या नावांची यादीही मिळेल. पण त्या यादीतल्या माणसांपर्यंत पोचायची सोय मिळणार नाही.

वर्डप्रेसच्या एक्सपोर्टवरही डोळे झाकून विसंबू नये. त्या एक्सएमएल फाइलमध्ये चित्रं नसतात, चित्रांचे पत्ते असतात. जुनं होस्टिंग बंद झाल्यावर ती फाइल उघडली तर मजकूर येतो आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. अपलोडचा फोल्डर आणि डेटाबेस वेगळे उतरवावेत, आणि एकदा तरी ते दुसरीकडे चढवून पाहावेत.

कुणी काय करावं

डिझायनर, छायाचित्रकार, लेखक, सल्लागार, म्हणजे ज्यांना लोक नावाने शोधतात, त्यांनी साइट आधी उभी करावी. तिथे पान टाकायचं आणि मग त्याची लिंक सोशल मीडियावर द्यायची, हा क्रम उलटा करू नये. उलटा झाला की ‘साइटवर नंतर टाकू’ हे कायमचं होतं. प्रोफाइलमध्ये मुखपृष्ठाची लिंक देण्यापेक्षा ज्या कामाबद्दल बोलताय त्या पानाची द्यावी. ज्यांचं गिऱ्हाईक रोज मंचावरच असतं आणि काम दर आठवड्याला बदलतं, त्यांनी साइटच्या भानगडीत आत्ता पडू नये.

मात्र डोमेन त्यांनीही घेऊन ठेवावं आणि ते सध्या प्रोफाइलवर वळवावं. कार्डावर, ईमेलखाली, पाटीवर डोमेनच छापायचं. मंच बदलला तर वळण बदलायचं, छापलेलं तसंच राहतं. वळवताना ३०२ हा तात्पुरता प्रकार निवडा. ३०१ म्हणजे कायमचं वळण, आणि ते ब्राउझर लक्षात ठेवतो. उद्या त्या पत्त्यावर साइट उभी केलीत तरी जुन्या पाहुण्यांना तो बराच काळ इन्स्टाग्रामवरच नेऊन सोडेल.