थंडरबर्डचे नऊ महिने: माझे मेल नेमके कुठल्या फाइलीत असतात

गेले नऊ महिने माझा सगळा पत्रव्यवहार थंडरबर्ड या मोझिलाच्या मेल-प्रोग्राममध्ये आहे. दोन खाती, १४ वर्षांचे मेल, मिळून साधारण ११ जीबी. हा प्रोग्राम दिसतो कसा, शोध किती चपळ आहे, कॅलेंडर कितपत उपयोगी, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते मेल डिस्कवर कसे साठतात आणि त्यांचा बॅकअप कसा घ्यायचा यावर. या नऊ महिन्यांत माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला, आणि हा प्रोग्राम मी सोडणार नाही त्याचं कारणही तेच आहे.

मी भाषांतराचं काम करते. मूळ मजकूर, कच्चे मसुदे, ग्राहकाशी झालेली शब्दाशब्दाची चर्चा हे सगळं मेलमध्येच असतं. सात वर्षांपूर्वी एखादी संज्ञा आपण कशी ठरवली होती, हे शोधायची वेळ महिन्यातून दोनदा तरी येते. आधीच्या प्रोग्राममध्ये ते सारं एका बंद डेटाबेसमध्ये असायचं. प्रोग्राम उघडला तर मेल दिसणार, नाहीतर नाही.

थंडरबर्डमध्ये पहिल्याच दिवशी मी मदतीच्या मेन्यूतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडलं आणि तिथून प्रोफाइलचं फोल्डर, म्हणजे माझे मेल, खाती, सेटिंग असं सगळं जिथे साठतं ते फोल्डर. ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांनी एकदा जरूर करावं. आत ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ अशी दोन फोल्डरं दिसतात. पॉप खात्यांचे (ज्यांचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतले जातात) आणि फक्त कॉम्प्युटरवर राहणाऱ्या ‘लोकल फोल्डर्स’मधले मेल पहिल्यात, आयमॅप खात्यांच्या (ज्यांचे मेल मुळात सर्व्हरवर राहतात) प्रती दुसऱ्यात. आणखी आत गेलं की प्रत्येक मेल-फोल्डरच्या नावाची एक फाइल असते, जिला एक्स्टेन्शनच नसतं. ‘इनबॉक्स’ नावाची ती एकच फाइल म्हणजे अख्खा इनबॉक्स. शेजारी त्याच नावाची, डॉट एमएसएफवाली छोटी फाइल असते. ती फक्त अनुक्रमणिका. यादीत मेल विचित्र दिसू लागले, विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असं झालं, तर बहुतेक वेळा हीच अनुक्रमणिका बिघडलेली असते. प्रोग्राम बंद करून ती डॉट एमएसएफ फाइल काढून टाकली की पुढच्या वेळी थंडरबर्ड ती नव्याने बांधतो. मेलना धक्का लागत नाही. मात्र घाईत एक्स्टेन्शन नसलेली फाइल उडवली, तर ते फोल्डरच गेलं. कुठली फाइल कशाची हे आधी पाहून ठेवलं की अशा वेळी हात थरथरत नाही.

एक्स्टेन्शन नसलेल्या या फाइलीच्या रचनेला एमबॉक्स म्हणतात. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासूनची ही पद्धत. सगळे मेल एकाखाली एक, आणि प्रत्येकाची सुरुवात ‘फ्रॉम’ शब्दाने आणि त्यामागच्या एका मोकळ्या जागेने होणाऱ्या ओळीने. ती ओळ आली की समजायचं, नवा मेल सुरू. मजकुरातलंच एखादं वाक्य त्या शब्दाने सुरू होत असेल तर गोंधळ होऊ नये म्हणून त्याच्या आधी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह घालतात. जुन्या मेलमध्ये कधी असं एकटंच चिन्ह दिसलं असेल, तर ते इथून आलेलं असतं. इतकी साधी रचना असल्यामुळेच तीस वर्षांपूर्वीची एमबॉक्स फाइल आजही उघडता येते.

मला वाटलं, साधा मजकूर आहे तर नोटपॅडमध्ये उघडून मराठी शब्द शोधता येईल. फाइल उघडली. इंग्रजी मेल सरळ वाचता आले. मराठीतले जवळपास सगळे मेल मात्र निरर्थक अक्षरांच्या भिंतीसारखे दिसले. फाइल बिघडली असं समजून मी घाबरलेच. बिघडली नव्हती. मेलची यंत्रणा मुळात सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांसाठी उभी राहिली, त्यामुळे बाकीच्या लिप्या पाठवताना त्यांचं बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल पद्धतीने साध्या इंग्रजी अक्षरांत आणि चिन्हांत कोडिंग करतात. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘नमस्कार’ या शब्दात काना आणि हलन्त धरून ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. बेस-६४मध्ये त्याची २८ अक्षरं होतात, कोटेड-प्रिंटेबलमध्ये चक्क ६३. म्हणून फाइलीत थेट मराठी शब्द शोधून सहसा काही हाती लागत नाही. शोध थंडरबर्डच्या आतूनच घ्यावा लागतो, तो कोडिंग उलगडून दाखवतो. मराठीत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर बॅकअप तपासताना चांगली फाइल बाद ठरवाल.

अटॅचमेंटचंही तेच. त्या वेगळ्या फाइली म्हणून पडलेल्या नसतात, मेलच्या पोटातच बेस-६४ होऊन बसलेल्या असतात. ३ बाइटांची ४ अक्षरं होतात, वर ओळी तोडण्याचा खर्च, म्हणजे १० एमबीची पीडीएफ मेलमध्ये साडेतेरा एमबीच्या पुढे जाते. माझ्या ११ जीबीत खरा मजकूर किती थोडा असेल याची कल्पना यावरून यावी.

आता तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. लोकल फोल्डर्समध्ये एका मोठ्या कामाचं फोल्डर होतं, ४०० च्या आसपास मेल. जाहिराती काढून टाकताना मी चुकीच्या फोल्डरवर उभी होते. सगळे निवडले आणि शिफ्ट धरून डिलीट दाबलं, म्हणजे ट्रॅशमध्येही काही गेलं नाही. फोल्डर रिकामं. बॅकअप होता तो पाच आठवड्यांपूर्वीचा.

वाचले ते एमबॉक्समुळे. मोठ्या फाइलीच्या मधूनच मेल कापायचा तर पुढचा सगळा भाग पुन्हा लिहावा लागतो, म्हणून थंडरबर्ड डिलीट करताना त्या मेलवर नुसती खूण करतो. मजकूर फाइलीत तसाच राहतो. तो खरोखर जातो ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर, म्हणजे खूण केलेले मेल वगळून फाइल नव्याने लिहिल्यावर. मी प्रोग्राम ताबडतोब बंद केला, कारण तो स्वतःहूनही कॉम्पॅक्ट करू शकतो. फाइलीची प्रत दुसरीकडे घेतली आणि ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. प्रत्येक मेलच्या माथ्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी एक ओळ असते. पुसलेल्या मेलच्या त्या ओळीत सहसा ०००८ किंवा ०००९ असतं: ८ म्हणजे पुसलेला, त्यात वाचल्याचा १ मिळवला की ९. ०००९ च्या जागी ०००१ आणि ०००८ च्या जागी ०००० असं बदललं, प्रत जागेवर ठेवली, डॉट एमएसएफ काढून टाकली आणि प्रोग्राम सुरू केला. सगळे मेल परत. आधी कधीतरी मुद्दाम पुसलेले थोडेसे मेलही सोबत आले, ते पुन्हा पुसले.

त्या दिवसापासून मी कॉम्पॅक्ट फक्त बॅकअप घेतल्यानंतर करते. न करून चालत नाही, फाइली फुगत जातात. एका फोल्डरची फाइल १.८ जीबीची होती, कॉम्पॅक्ट केल्यावर ७०० एमबी राहिली.

आयमॅपबद्दलचा एक गैरसमज मी स्वतः बरीच वर्षं बाळगला होता, म्हणून स्पष्ट लिहिते. कॉम्प्युटरवर आयमॅप खात्याची प्रत असणं हा बॅकअप नाही. आयमॅप म्हणजे सर्व्हरचा आरसा. फोनवरून मेल पुसला की पुढच्या सिंकला कॉम्प्युटरवरूनही तो जातो. शिवाय प्रतसुद्धा पूर्ण असेलच असं नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ भागात मेल या कॉम्प्युटरवर ठेवायचे की नाही, ठेवायचे तर किती दिवसांचे, हे ठरतं. तिथे मर्यादा घातलेली असेल तर जुन्या मेलचे फक्त मथळे तुमच्याकडे असतात, आत काही नाही. मी ती मर्यादा काढली, आणि वर्ष संपलं की त्या वर्षाचे मेल आयमॅपमधून लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करते. हलवत नाही, आधी कॉपी. संख्या जुळवून पाहिली की मगच सर्व्हरवरून काढते.

वर्षवार फोल्डर करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते बॅकअपच्या दृष्टीने ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. इनबॉक्स ही एकच फाइल. त्यात एक नवा मेल आला तरी बॅकअप करणाऱ्या साध्या साधनाला अख्खी फाइल बदललेली दिसते. ५ जीबीचा इनबॉक्स असेल तर दर वेळी ५ जीबी कॉपी. उलट २०१६ ची फाइल २०१६ चे मेल घेऊन शांत पडून असते, ती बदलतच नाही, त्यामुळे एकदा कॉपी झाली की पुन्हा करावी लागत नाही. विभागणी केल्यावर माझा साप्ताहिक बॅकअप चाळीस मिनिटांवरून चार-पाच मिनिटांवर आला. दुसरा फायदा असा की माझा जुना पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा होता आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही. अख्खा इनबॉक्स तिथे अडला होता, वर्षांच्या फाइली सहज मावल्या.

बॅकअप मी असा घेते: आधी थंडरबर्ड पूर्ण बंद. चालू असताना कॉपी केलं तर फाइल अर्धी लिहिलेली असू शकते. मग अख्खं प्रोफाइल बाहेरच्या ड्राइव्हवर. नुसतं मेलचं फोल्डर घेऊ नये, कारण पत्ते, फिल्टर, सह्या, खात्यांची मांडणी हे सगळं प्रोफाइलमध्ये वेगवेगळ्या फाइलींत असतं. पासवर्ड तर दोन फाइलींत मिळून असतात, एकीत कुलूपबंद पासवर्ड आणि दुसरीत किल्ली. एक घेतली आणि दुसरी राहिली तर काही उपयोग नाही. शोधाचा मोठा डेटाबेस मात्र वगळला तरी चालतो, तो नंतर पुन्हा तयार होतो. टूल्स मेन्यूत एक्सपोर्टची सोय आहे, पण प्रोफाइल २ जीबीच्या वर गेलं की ती झिप करून देत नाही, हातानेच करावं लागतं. आपोआप, ठरल्या वेळी बॅकअप घेण्याची सोय प्रोग्राममध्ये असावी असं मला मनापासून वाटतं. ज्याला प्रोफाइल म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याने काय करावं?

चालू प्रोफाइल क्लाउडच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. प्रोग्राम फाइलीत लिहितोय आणि त्याच क्षणी सिंक तीच फाइल उचलतंय, अशात एका नावाच्या दोन प्रती व्हायला वेळ लागत नाही. बंद प्रोफाइलची झिप करून ती क्लाउडवर टाकणं वेगळं.

आणि ती झिप कुलूपबंद हवी. एमबॉक्स कुणालाही वाचता येतं हे मी वर कौतुकाने लिहिलं, पण ते चोरालाही वाचता येतं. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डना कुलूप घालणारा एक मुख्य पासवर्ड, लावलेला नसेल तर ज्याच्या हाती प्रोफाइल पडेल त्याच्या हाती खात्यांचे पासवर्डही पडतात. मी प्रायमरी पासवर्ड लावला आणि दोन्ही बाहेरचे ड्राइव्ह एन्क्रिप्ट केले.

नव्या खात्यासाठी मी मेल साठवायची मेलडिर ही दुसरी पद्धतही दोन महिने वापरली. तिच्यात प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल. क्यूमेल हा मेल-सर्व्हर लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टीन यांची ही रचना. कल्पना मला फार पटली: एक फाइल बिघडली तर एकच मेल जाणार, आणि बॅकअपमध्ये फक्त नवे मेल कॉपी होणार. पण ३० हजार बारीक फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर पहिल्यांदा नेताना तासन् तास लागले. थंडरबर्डमध्ये आधीपासूनची निवड एमबॉक्सच असते आणि बहुतेक लोक तेच वापरतात, त्यामुळे अडचण आली तर उत्तरंही त्याचीच मिळतात. मी एमबॉक्सवर परतले.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे पीएसटी आणि ओएसटी अशा दोन फाइली ओळखायला शिका. पीएसटी ही तुमची स्वतःची साठवण, ती कॉपी करून दुसरीकडे उघडता येते. ओएसटी ही सर्व्हरची प्रत, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन सरळ उघडत नाही. जुन्या आउटलुकच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, २००३ पासूनच्या नव्या रचनेत ती वाढली आणि २०१० पासून मुळात घालून दिलेली मर्यादा ५० जीबी आहे.

सहाव्या महिन्यात मी बॅकअपची परीक्षा घेतली. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकला, प्रोफाइल मॅनेजर उघडला, बॅकअपमधलं प्रोफाइल निवडलं. उघडलंच नाही. त्या लॅपटॉपवरची आवृत्ती जुनी होती, आणि नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती स्वीकारत नाही. प्रोग्राम अद्ययावत केल्यावर उघडलं, खाती, फिल्टर, सह्या सगळं जिथल्या तिथे. मी यादृच्छिकपणे वीस मेल उघडले, प्रत्येक वर्षातला एखादा, आणि त्यांच्या अटॅचमेंटही उघडून पाहिल्या. १९ ठीक निघाले. २०१४ मधल्या एका मेलची अटॅचमेंट उघडेना. मूळ कॉम्प्युटरवरही ती तशीच होती, म्हणजे बिघाड बॅकअपचा नव्हता, जुन्या प्रोग्राममधून मेल आणतानाच ती तुटली असणार. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क अजून कपाटात आहे. आता २०१४ चं अख्खं वर्ष तिथून पुन्हा काढून एकेक अटॅचमेंट तपासायचं काम सुरू केलंय, मार्चपर्यंत आलेय.