सोलापुरात राहायचं की पुण्याला जायचं: पगार, पाणी आणि रात्रीचा रस्ता

गेल्या महिन्यात मावसभाऊ घरी आला. चहा निवत ठेवून त्यानं विचारलं, "दादा, पोरीला पुण्यात नोकरी लागलीय. धाडू का नको?" पोरगी तेवीस वर्षांची, इथंच इंजिनिअरिंग केलेली. भाऊ रोज रात्री मोबाइलवर पुण्यातल्या कोयत्याच्या बातम्या बघतो आणि घाबरतो. वहिनींचं एकच म्हणणं, इथं ठेवून तिला करायला काय आहे? मी आठ वर्षं पुण्यात काढून २०१९ मध्ये परत आलोय, धाकटा भाऊ अजून वारज्यात आहे. त्यामुळे नात्यात हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. त्या दिवशी भावाशी जे बोललो, ते जरा सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात आज घरोघरी हीच चर्चा आहे.

आधी आपल्या गावाचं बोलू. इथल्या माणसाची चीड समजून घेतल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

१८७७ मध्ये इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी मिल. नंतर नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. गिरणीतला कामगार यंत्रमागावर गेला. पगार, रजा, फंड सगळं मागे राहिलं आणि जेवढं विणाल तेवढी मजुरी एवढाच हिशोब उरला. आता यंत्रमागाचीही तीच गत आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण पानिपतहून येणारी हलकी, स्वस्त चादर 'सोलापुरी' म्हणून बाजारात खुशाल विकली जाते. अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून पूर्वी चालताना बोलणाऱ्याला ओरडून बोलावं लागायचं, एवढी मागांची खटखट. परवा त्याच गल्लीत मला एका घरातला मिक्सर ऐकू आला.

घरं तगली ती बायकांच्या विडीवर. मांडीवर सूप, बाजूला ओली तेंदूपानं, पत्र्याच्या मापानं कातरलेलं पान, चिमूटभर तंबाखू, दोरा. हजार विड्या वळायला सकाळपासून दिवेलागण होते, आणि कारखान्यात त्यातून छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या, काढली की तेवढी मजुरी गेली. नवरा मागावर, बायको विडीवर या जोडीवर सोलापूरचा पूर्वभाग उभा राहिला. याच बायकांसाठी कामगार नेते, माजी आमदार आडम मास्तरांच्या पुढाकारातून आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं झाली आणि आता कुंभारीजवळच्या रे नगरात ३०,००० घरांची वसाहत उभी राहते आहे. १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मला तिचा मनापासून अभिमान आहे. पण त्या घरातला बारावी झालेला मुलगा काम शोधायला निघाला, की पुन्हा पुण्याचीच वाट धरतो.

दोन शहरांमधला फरक जनगणनेत उघड दिसतो. २००१ मध्ये सोलापूरची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती, २०११ मध्ये ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत वाढ जेमतेम नऊ टक्के. त्याच दहा वर्षांत पुणे तेवीस टक्क्यांनी वाढलं आणि पिंपरी-चिंचवड तर १० लाखांवरून १७ लाखांवर गेलं. जन्म आपल्याकडेही होतात. मुलं मोठी झाली की इथं टिकत नाहीत, एवढंच.

आता पगार. इथं बाजू सरळ पुण्याची आहे, आणि ती झाकण्यात कुणाचंच भलं नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, चाकण, रांजणगाव यांतल्या एखाद्या पट्ट्यात जेवढ्या नोकऱ्या एका वर्षात निघतात, तेवढ्या आपल्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत मिळून निघत नाहीत. इथं आयटी पार्कची घोषणा झाली आहे. व्हायलाच हवं. पण घोषणेच्या भरवशावर तेवीस वर्षांच्या मुलीला घरी बसवू नका. त्या वयातली दोन-तीन वर्षं अनुभवाविना गेली तर पुढं कुठंच भरून निघत नाहीत.

मात्र पुण्याचा पगार ऐकताना पुण्याचा खर्चही मांडा. धाकट्या भावाच्या वन बीएचकेचं भाडं त्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा खातं. डिपॉझिट वेगळं, दर अकरा महिन्यांनी करार वेगळा. वारज्यातून हिंजवडीला जाण्यायेण्यात रोजचे अडीच-तीन तास जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त. पगारातून भाडं, प्रवास आणि बाहेरचं जेवण वजा करून हातात काय राहतं ते कागदावर लिहा. सोलापुरात स्वतःचं घर असेल आणि इथला पगार पुण्याच्या निम्मा असेल, तर महिनाअखेरीची शिल्लक बहुतेक वेळा सारखीच निघते. निम्म्याहून कमी असेल तर जायला हवं. मी लोकांना सांगतो तो हिशोब एवढाच आहे.

पाण्याचं दुखणं मात्र आपलं. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, शंभर किलोमीटरहून लांब पाइपलाइननं पाणी शहरात येतं, तरी नळाला ते चार-पाच दिवसांआड. आमच्या घरी गॅलरीत निळी पिंपं, जिन्याखाली पिंप, न्हाणीत पिंप. पाणी रात्री दोनला येणार म्हटलं की आई गजर लावून बसते. पाहुणा येणार असेल तर आधी पाण्याचा दिवस मोजायचा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली यादी लागली, त्यात पुणे दुसरं होतं आणि आपण नववे. त्यानंतर रंगभवनाचा चौक देखणा झाला, रस्ते उकरून पुन्हा झाले, पण निळी पिंपं जागची हलली नाहीत. या शहरानं राज्याला मुख्यमंत्री दिला, देशाला गृहमंत्री दिला. त्या शहरातल्या बाईनं पाण्यासाठी रात्रीची झोप मोडायची, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पुण्यात पाणी रोज येतं, पण सगळ्या पुण्यात येत नाही. उपनगरांतल्या नव्या सोसायट्या टँकरवर चालतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (नसांवर हल्ला करणाऱ्या गुलेन-बॅरी आजाराचे) रुग्ण एकापाठोपाठ निघाले तेव्हा बोट दूषित पाण्याकडेच गेलं. फ्लॅट बघायला जाल तेव्हा जिम, क्लब हाऊस मागाहून बघा. आधी वॉचमनला विचारा की उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती येतात. तो खरं सांगतो. आणि एक लक्षात असू द्या: मुळा-मुठेत सोडलेलं पुण्याचं सांडपाणी भीमेतून उजनीतच येतं. आपल्या पिंपात साठतं ते त्याच धरणातलं पाणी.

भावाची खरी भीती गुन्हेगारीची. तिच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो.

पुण्यातल्या बातम्या खोट्या नाहीत. जून २०२३ मध्ये भर सदाशिव पेठेत, दिवसाढवळ्या एका तरुणीवर कोयत्यानं वार झाले. जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडमध्ये गुंड शरद मोहोळला त्याच्याच घराजवळ गोळ्या घातल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा नाना पेठेत खून झाला आणि वर्षभरानं त्याच वैरातून आणखी एक पोरगा गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाहीत पहाटे एका तरुणीवर बलात्कार झाला.

टोळ्यांचे खून बहुतेक आपसातले असतात, नोकरी करून घरी येणाऱ्या मुलीच्या वाटेला ते येत नाहीत. तिच्या वाटेला येते ती दहशत. धाकट्या भावाच्या गल्लीत गेल्या वर्षी मध्यरात्री सात-आठ पोरं कोयते नाचवत आली. सकाळी हा खाली उतरला तर रांगेतल्या अकरा गाड्यांच्या काचा फुटलेल्या, स्कूटरच्या सीटमधला स्पंज रस्त्यावर पडलेला. तक्रार कुणी द्यायची यावर सोसायटीत अर्धा तास वाद झाला, कारण पोरं शेजारच्याच वस्तीतली आणि त्यातली दोन अठराच्या आतली. धिंड काढून, तडीपार करून ही भीती जात नाही, पुण्याच्या लोकांनी ते बघितलं आहे.

पण म्हणून सोलापूर सुरक्षित, हे मी मानायला तयार नाही. आपल्याकडचा गुन्हा आवाज करत नाही, एवढाच फरक. मटका, हातभट्टी, खासगी सावकारी. मागवाला आजारपणासाठी दहा टक्के महिन्यानं पैसे उचलतो आणि व्याज फेडता फेडता माग विकतो. कुणी पोलिसांत जात नाही, कारण पुढच्या आजारपणाला दार तेच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला. जिथं पोरांना काम मिळायला हवं होतं, त्याच वसाहतीत. काहीच जमत नाही असंही नाही: २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू करून मुळेगाव तांड्यावर हातभट्टी सोडणाऱ्यांना दुसरा धंदा मिळवून द्यायची खटपट केली. गुन्ह्याच्या मुळाशी रोजगार आहे हे ज्याला कळलं, त्यानं काहीतरी केलं.

आमच्या कॉलनीत आज पाच घरांना कुलूप आहे. पोरं पुण्यात, आईबाप नातवंडं सांभाळायला त्यांच्याकडे. दोन वर्षांत त्यातली दोन घरं फोडली गेली. एका घरात चोरांना काही सापडलं नाही, तर नळाच्या पितळी तोट्या काढून नेल्या. गाव रिकामं होतं तशी चोरी वाढते, आणि चोरी वाढली म्हणून आणखी एक घर आईबापांना पुण्याला बोलावून घेतं. शेजारचे काका म्हणतात, "आम्ही आता निस्तं राखण करूलालोय." तक्रार न्यायची कुणाकडे? मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढं साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. या एका बाबतीत पुणं आणि सोलापूर सारखंच पोरकं होतं.

रात्रीच्या रस्त्याचं सांगायचं तर पुण्यात रात्री दहाला रस्त्यावर माणसं असतात, पीएमपीची बस असते, ऑफिसची कॅब असते. सोलापुरात नऊनंतर विजापूर रोडच्या पुढच्या नगरांमध्ये दिवे बंद, माणूस नाही, आणि महापालिकेची बससेवा नावाला उरलेली. एकटीनं स्कूटरवर येणाऱ्या मुलीला दोन्हीकडे भीती वाटते. फक्त पुण्यात ओरडलं तर ऐकणारं कुणी असतं. सदाशिव पेठेतल्या त्या मुलीला ज्या पोरांनी वाचवलं, त्यांतला एक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेला, आपल्याच माढा तालुक्यातला होता.

तर मी भावाला सांगितलं ते असं. मुलीला पाठव. राहायची जागा ऑफिसपासून चालत किंवा एका बसच्या अंतरावर बघ, भाडं हजार-दोन हजार जास्त पडलं तरी चालेल. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवू नको, ती पहाटे चार-पाचला हडपसर किंवा स्वारगेटला उतरवते आणि ती वेळ वाईट. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस धरायची. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चौघा हुतात्म्यांच्या नावाची ती गाडी उजेडी पुण्यात पोचवते, आणि सुट्टीला यायचं तर संध्याकाळी पुण्याहून तीच निघते.

तू मात्र जाऊ नकोस, हेही त्याला सांगितलं. तो गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. शाळेच्या गणवेशाचा धंदा हा आज सोलापुरात वाढणाऱ्या थोड्या धंद्यांपैकी एक, आणि पन्नाशीच्या कारागिराला पुण्यात त्याच्या हाताची किंमत मिळणार नाही. ज्याचं कौशल्य इथं खपतं, म्हणजे डॉक्टर, शिक्षक, बरा चालणारा दुकानदार, चांगला फिटर, शिलाईतला माणूस, त्यानं शेजारी गेला म्हणून सामान बांधू नये. ज्याचं शिक्षण इथं कुणी विकत घेत नाही, त्यानं थांबू नये. आईबापांना लगेच नेऊ नये. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझी आई तीन महिन्यांत गप्प झाली होती. मी परत आलो त्यामागं ते एक मोठं कारण होतं.

घर विकायचं का, हे वहिनींनी शेवटी विचारलं. दोन वर्षं तरी अजिबात नाही. कुलूपही लावून ठेवायचं नाही. सगळ्यांनाच जावं लागलं तर मागची खोली आपल्याकडे ठेवून पुढचं घर भाड्यानं द्यायचं, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करायची, आणि पाण्याचा दिवस शेजारच्या काकांना सांगून ठेवायचा.