राजारामपुरीतली प्रेमकादंबरीची कार्यशाळा: सहा रविवारांचा अभिप्राय

गेली एकतीस वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करतो. दिवाळी अंकांतल्या दीर्घकथा आणि प्रेमकादंबऱ्या माझ्या टेबलावरून इतक्या गेल्या आहेत की नायक-नायिकेची पहिली भेट पावसात होणार की एसटी स्टँडवर, हे पहिल्या पानाच्या वेलांट्या तपासतानाच कळू लागले आहे. त्यामुळे प्रेमकादंबरी कशी लिहावी हे शिकवणाऱ्या कार्यशाळेला ४,५०० रुपये भरून जाण्याचे मला काही कारण नव्हते. नाव भाचीने नोंदवले होते. तिची परीक्षा ऐन वेळी पुढे आली, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत असे आयोजकांनी सांगितले, आणि म्हणून तिच्या जागी मी गेलो. हा अभिप्राय त्या दृष्टीने वाचावा.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, सहा रविवार, सकाळी दहा ते एक, चौदा माणसे. लिफ्ट नाही. खुर्च्या लग्नाच्या हॉलमध्ये असतात तशा प्लॅस्टिकच्या होत्या आणि लिहायला टेकू नसल्याने सर्वांनी वही मांडीवर घेतली. चहा चांगला होता. व्यवस्थेविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे नाही.

शिकवणाऱ्या लेखिका कोल्हापूरच्याच. त्यांच्या बावीस कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक त्यांनी एका पतसंस्थेच्या काउंटरवर नोकरी करत असताना लिहिल्या. मी सहा रविवार ऐकले त्यातले जे काही खरोखर नवे होते ते या नोकरीतून आले होते. सोनेतारण कर्जासाठी नवरा-बायको जोडीने येतात तेव्हा दागिना पर्समधून कोण काढतो, पावतीवर सही करताना दुसऱ्याकडे कोण बघतो, जामीनदार म्हणून कोणाचे नाव पुढे येते, हे पंधरा वर्षे पाहिलेल्या बाईने प्रेमावर लिहिले तर ते चंद्र-ताऱ्यांवर जाणार नाही, हे उघड आहे. पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला आपापल्या नायक-नायिकेचा महिन्याचा जमाखर्च लिहायला सांगितला. घरभाडे किती, गावी किती पाठवतात, गाडीचा हप्ता कोण भरतो. मग विचारले, ‘‘आता यांना जामीन कोण राहील?’’ ज्या जोडप्याच्या प्रेमाला एकही जामीनदार मिळत नाही, त्यांची गोष्ट पुढे चालते. ज्यांना सगळेच जामीन राहायला तयार आहेत त्यांचे लग्न लावून मोकळे व्हा, ती कथा नव्हे, असा त्यांचा हिशेब. प्रेमकथेत अडथळा हवा हे सगळेच सांगतात. तो अडथळा आकड्यांत मांडून दाखवणारे माणूस मला प्रथमच भेटले.

त्यांची लिहिण्याची पद्धत त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली. पहाटे पाचला उठून, नळाला पाणी येईपर्यंत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या लिहितात. रोज आठशे शब्द. पाणी लवकर आले तर पाचशे. पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदांवर हाताने, दुसरा संगणकावर, आणि दोन्हींच्या मध्ये एक महिना कागद कपाटात. प्रत्येक कादंबरीसाठी त्या त्या वर्षाचे कॅलेंडर घेऊन बसतात आणि कथेतला प्रत्येक प्रसंग त्यावर पेन्सिलीने मांडतात, म्हणजे नायिका उपवासाच्या दिवशी मिसळ खात नाही आणि नवरात्रात जोतिबाच्या किंवा अंबाबाईच्या वाटेवरची गर्दी लेखक विसरत नाही. मुद्रितशोधक म्हणून मला हे ऐकून फार बरे वाटले, कारण मंगळवारी सुरू झालेली रात्र शुक्रवारी उजाडलेली मी छापील पानांत पाहिली आहे. स्फूर्ती, मनःस्थिती, एकांत या विषयांवर एका मुलीने प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘एकांत मिळाला असता तर मी झोपले असते.’’

तिसरा रविवार मात्र या कार्यशाळेचा खरा गाभा होता आणि केवळ त्या तीन तासांसाठीही मी पैसे भरले असते. विषय होता ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी होते. मराठी प्रेमकथेतला सगळ्यात मोठा प्रसंग मिठीचा नसून सर्वनामाचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन. दोन सहकारी सहा महिने एकमेकांना अहो-जाहो करतात आणि एके दिवशी फोनवर घाईत एकाच्या तोंडून ‘ए, ऐक ना’ निघून जाते. यानंतर जी शांतता पडते तिच्यात एक प्रकरण मावते. चारचौघांत ‘अहो’ आणि जिन्यात ‘अरे’ म्हणणारी जोडपी आपल्या आजूबाजूला आहेत, पण कागदावर ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच सर्वनाम वापरतात, हा त्यांचा आक्षेप मला तरी बिनतोड वाटला. पुढे त्यांनी तीनशे शब्दांचा सराव दिला: ‘तुम्ही’ मागे पडले आहे आणि ‘तू’ अजून तोंडात येत नाही अशा दोन माणसांचे संभाषण. वर्ग दहा मिनिटे अडखळला. मग हळूहळू ध्यानात आले की अशी माणसे ‘निघायचं का?’, ‘चहा चालेल?’, ‘उद्या सुट्टी आहे ना?’ असे बोलतात. क्रियापद असे निवडतात की समोरच्याला काय म्हणायचे हा प्रश्नच येऊ नये. मराठीने ही पळवाट फुकट दिलेली आहे आणि मी तीन दशके ती वाक्ये नुसती स्वल्पविरामासाठी तपासत होतो.

त्याच दिवशी माझी अडचणही झाली. लेखिकाबाईंच्या एका उताऱ्यात मंगळवार पेठेतली नायिका आईला म्हणते, ‘‘मी जाऊन येतो गं.’’ कोल्हापूर भागात कितीतरी बायका असेच बोलतात. माझी आजी ‘मी आलो’, ‘मी केलो’ असेच म्हणायची. बाईंनी सांगितले की त्यांच्या पहिल्या तीन कादंबऱ्यांत हा ‘येतो’ छापून येईपर्यंत ‘येते’ झाला होता आणि त्याबरोबर नायिका मंगळवार पेठेतून उठून पुण्याच्या सदाशिव पेठेत राहायला गेली होती. वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण ती दुरुस्ती कोण करते हे मला ठाऊक आहे. त्या पुस्तकांची मुद्रिते माझ्याकडे नव्हती. पण असले ‘येतो’ मी शेकड्याने लाल शाईने खोडले आहेत, आणि प्रत्येक वेळी लेखिकेकडून लिंगाची चूक झाली असेच समजलो आहे. मध्यंतरात मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘काका, पुढच्या वेळी समासात प्रश्नचिन्ह काढा, एवढंच.’’

चौथा रविवार परंपरेसाठी होता आणि तो मला कमी पटला. प्रेमकादंबरीचा इतिहास सांगण्याला कोल्हापूरइतकी योग्य जागा नाही, हे खरे. ना. सी. फडके येथे राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याची शाळा सोडून चित्रपटलेखनाच्या निमित्ताने येथे येऊन स्थायिक झाले. म्हणजे ‘कलेसाठी कला’ म्हणणारे फडके आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे खांडेकर, असे या वादाचे दोन्ही धनी काही वर्षे याच शहरात राहत होते. बाई उघडपणे फडक्यांच्या बाजूच्या आहेत. १९३१ सालच्या ‘प्रतिभासाधन’ या फडक्यांच्या लेखनतंत्रावरच्या पुस्तकाची शिवण सुटलेली प्रत त्यांनी पिशवीतून काढली, आणि कथानकाची गुंफण, निरगाठ व उकल हे शिकता येते, तो काही दैवी प्रसाद नव्हे, हा त्यातला विश्वासच आपल्याला लेखिका करून गेला, असे म्हणाल्या. इथपर्यंत ठीक. परंतु खांडेकरांना ‘उपदेश करणारे’ एवढ्या दोन शब्दांत त्यांनी ज्या रीतीने बाजूला सारले, ते अन्यायाचे होते. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारी खांडेकरांची ‘ययाति’ शेवटी वासनेवरचीच कादंबरी आहे, आणि प्रेमकथा लिहिणाऱ्याने ती वगळून चालत नाही. गडहिंग्लजहून पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या एका तरुणाने नेमके हेच विचारले, तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. वेळ संपली नव्हती. साडेबारा वाजले होते.

शेवट गोडच हवा, याबद्दलही त्या हटून आहेत. वाचकाने प्रेमकादंबरी हातात घेतली की लेखकाने त्याच्याशी करार केलेला असतो, नायक-नायिका शेवटी एकत्र दिसलीच पाहिजेत, आणि ज्याला रडवायचे आहे त्याने मुखपृष्ठावर तसे सांगावे. १९०८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेने १९३०च्या दशकापासून याच भरवशावर प्रेमकादंबऱ्या खपवल्या, हे उदाहरण त्यांनी दिले. माझे मत वेगळे आहे, पण त्यांच्या वाचकांना मी ओळखतो. वाचनालयाच्या काउंटरवर शेवटचे पान आधी उघडून पाहणाऱ्या त्याच त्या. नियमांपैकी एक मात्र मला मनापासून आवडला: पहिल्या तीन प्रकरणांत रंकाळ्यावरचा सूर्यास्त आणि पन्हाळ्यावरचे धुके यांना बंदी. ‘‘प्रेम लक्ष्मीपुरीत, धान्याच्या दुकानासमोर करून दाखवा,’’ असे त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात एका गृहिणीने खरोखरच तसे करून दाखवले.

आता तक्रारी. पाचव्या रविवारी ‘प्रकाशनाची वाट’ या विषयावर बोलायला एका प्रकाशन व्यवसायातले गृहस्थ आले. पहिली वीस मिनिटे गेल्यावर लक्षात आले की ते लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देतात आणि आम्ही चौदाजण त्यांचे संभाव्य गिऱ्हाईक आहोत. दरपत्रक वाटण्यात आले. मराठी कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती संपायला किती वर्षे लागतात, करारात मानधनाची टक्केवारी कोणत्या किमतीवर धरायची, श्राव्य पुस्तकाचे हक्क वेगळे ठेवावेत का, हे प्रश्न विचारणाऱ्यांना ‘नंतर भेटा’ असे उत्तर मिळाले. लेखिकाबाई या सर्व वेळी खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पाहता हा पाहुणा त्यांनी बोलावलेला नसावा. आयोजकांनी तो बोलावला असेल तर जाहिरातीत तसे लिहायला हवे होते. त्या तीन तासांचे साडेसातशे रुपये होतात.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. प्रत्येकाच्या दहा पानांवर लेखी अभिप्राय देण्याचे पत्रकात छापले होते. सहाव्या रविवारपर्यंत फक्त पाचजणांना तो मिळाला, तोही मोबाइलवर दोन-तीन ओळींत. वर्गात सांगितलेले सगळे आपल्या पानावर कोठे फसले, हे दाखवणारी जागा हीच होती. चौदा हस्तलिखिते एका माणसाने सहा आठवड्यांत नीट वाचणे कठीण आहे हे मी धंद्याने जाणतो. मग आकडा आठचा ठेवावा आणि शुल्क वाढवावे.

असे असूनही पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे असे कळल्यावर भाचीला मी जायला सांगितले आहे. कथेचा किमान एक खर्डा ज्याच्या हातात आहे त्याला तिसरा रविवार अतिशय उपयोगी पडेल. कोरी वही घेऊन येणाऱ्याला फारसा नाही. पैसे भरण्याआधी लेखी अभिप्राय कोणत्या तारखेला मिळणार ते विचारून घ्यावे आणि पाचव्या रविवारी कोण बोलणार आहे तेही. वही ठेवायला पुठ्ठ्याचे पॅड बरोबर न्यावे. मीही शेवटच्या आठवड्यात, सराव म्हणून, पाने लिहून दिली आहेत. दहाची मर्यादा असताना अकरा झाली. ती अजून लेखिकाबाईंकडेच आहेत.