रोमन येईपर्यंत नुसतं धुकं

मुलाने माहितीपटांच्या वाहिन्यांचा पॅक घेऊन दिला. तेव्हापासून नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणं उरकली की प्राचीन ब्रिटन सुरू. तक्रार एकच. इ.स. ४३ मध्ये रोमन फौजा उतरेपर्यंत पडद्यावर धुकं, ढोल आणि निळी तोंडं रंगवून ओरडणारी माणसं. रोमन आले की लख्ख ऊन! "यांना आधी कुणी आंघोळ घालत नव्हतं का?" आमची ही विचारते.

मस्ट फार्मचा भाग मात्र पैसे वसूल. इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या या वस्तीत पाण्यात खांब रोवून बांधलेली गोल घरं इ.स.पू. ८५० च्या सुमारास जळून गाळात कोसळली, म्हणून टिकली. वाडग्यात लापशी, लापशीत लाकडी चमचा तसाच! तलम कापड, काचेचे मणी. मला पुणे जिल्ह्यातलं आपलं इनामगाव, तिथली उत्खननात सापडलेली जुनी वस्ती आठवली. उत्तर जोर्वे काळात (साधारण इ.स.पू. १००० ते ७००) तिथेही गोल झोपड्याच होत्या. स्टोनहेंजवर तीन भाग, तिन्हींत तीच गूढ धून.

पाचपैकी तीन तारे. हिंदी डबिंग लावू नका. निवेदक 'कांस्य युग' असं गर्जतो की शेजारच्या काकू आवाज कमी करा म्हणून दारात.