पद्मिनीच्या ब्रेकच्या नावाखाली माझे २३,८५० रुपये गेले

वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या इमारतीखाली नऊ वर्षे उभी होती. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यायची म्हणून वागळे इस्टेटकडच्या एका गॅरेजवाल्याला ब्रेकचे काम दिले. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा भाग) ४,८००, चाकांतले चार व्हील सिलिंडर ६,४००, तीन होज (ऑइलच्या रबरी नळ्या) १,९५०, ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) ३,२००, ड्रम लेथवर फिरवणे १,६००, ब्रेक ऑइल ४०० आणि मजुरी ५,५०० असे २३,८५० रुपये त्याने घेतले. यांतले शू तेवढे खरोखर नवे होते.

पक्के बिल हवे असल्यास वर जीएसटी पडेल, असे तो म्हणाला आणि मी वहीच्या कागदावरचा हिशेब मान्य केला. चूक माझीच, पण पद्मिनी बंद होऊन दोन दशके उलटली असताना सुटे भाग मिळवून देणारा माणूस भेटला की आपण किती नमते घेतो, हे जुनी गाडी सांभाळणाऱ्यालाच कळेल.

गाडी ताब्यात घेताना मी बॉनेट उघडले होते. डब्यातले ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट होते आणि नवे ऑइल फिकट पिवळे, नितळ असते हे मला ठाऊक होते. मास्टर सिलिंडरला रुपेरी रंगाचा ताजा वास येत होता. जुने भाग मागितले, तर ते भंगारवाल्याने कालच नेले होते. पेडल दाबून धरले की ते सावकाश खाली सरकत होते, त्यावर "रबर नवीन आहे काका, बसेल," एवढेच उत्तर आले. हे सगळे दिसत असूनही मी पैसे मोजले, कारण शेजारी आई उभी होती आणि तिला ती गाडी पुन्हा चालताना पाहायची होती. जुने भाग हातात पडल्याशिवाय उरलेली रक्कम कोणीही देऊ नका.

अकराव्या दिवशी माजिवड्याच्या पुलावरून उतरताना पेडल थेट तळाला टेकले. दुसरा गियर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर गाडी कठड्याला घासत थांबली. आई आत होती.

कळव्याच्या दुसऱ्या मेकॅनिकने सगळे उघडून दाखवले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीच्या सिलिंडरला आतून गंज चढून खड्डे पडतात आणि त्यात नवे रबर टाकले तरी ते खरचटून ऑइल सोडू लागते. पहिल्या गॅरेजवाल्याने जुने सिलिंडर रंगवून आत केवळ रबरांचे स्वस्तातले किट टाकले होते. होज वाकवताच भेगा दिसल्या; ही तपासणी तुम्हालाही हाताने करता येते.

पोलीस ठाण्यात पहिल्या खेपेला दोन तास बसवून हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले. दुसऱ्या खेपेला इतकी जुनी गाडी चालवायचीच कशाला, असे मलाच विचारले. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच दिली नाही, आणि जीव गेला असता असे म्हटल्यावर "गेला तर नाही ना?" हे शब्द ऐकावे लागले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नसते आणि दोन वर्षांची मुदत असते, हेही तिथे कोणी सांगितले नाही. ते शेजारच्या निवृत्त शिक्षकांकडून कळले.

आता ती तक्रार लिहायला बसलो आहे. आगाऊ दिलेल्या १२,००० रुपयांचा ऑनलाइन पुरावा आहे. रोख दिलेल्या ११,८५० रुपयांचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.