लीटर-मिलीलीटरचं रूपांतर: शिडी, तक्ता की अपूर्णांक?

मुलाला लीटरचे मिलीलीटर करायला शिकवायचे असले की बहुतेक मोठी माणसं एका वाक्यावर काम भागवतात: ‘मोठ्याकडून लहानाकडे जाताना गुणायचं, लहानाकडून मोठ्याकडे येताना भागायचं.’ वाक्य बरोबर आहे, पण कितीने गुणायचं, का गुणायचं आणि एककाच्या आधी ‘घन’ लागला की काय करायचं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पद्धत लागते. सर्रास वापरात असलेल्या तीन पद्धती म्हणजे पायऱ्यांची शिडी, स्थानिक किमतीचा तक्ता आणि एककांसकट मांडलेला अपूर्णांक. यातली कुठली घ्यायची हे ठरवायचं असेल, तर तिघींना तीच तीन गणितं घालून बघणं सगळ्यात सोपं.

पहिलं गणित: ३ लीटर ४०० मिलीलीटर म्हणजे किती मिलीलीटर? दुसरं: २ लीटर ५० मिलीलीटर म्हणजे किती लीटर? तिसरं: ०.७५ घनमीटर म्हणजे किती लीटर?

पहिल्यात तिन्ही पद्धती आरामात पार होतात. ३,४०० हे उत्तर तर काही मुलं पद्धत न वापरताच देतात. ३ आणि ४०० शेजारी लिहिले की झालं. म्हणून अशी वीस गणितं बरोबर आली तरी मुलाला रूपांतर येतं असं धरून चालू नये. खरी परीक्षा दुसऱ्यापासून सुरू होते.

शिडी

किलोलीटर, हेक्टोलीटर, डेकालीटर, लीटर, डेसीलीटर, सेंटीलीटर, मिलीलीटर. सात पायऱ्या, एक पायरी उतरलं की दहाने गुणायचं, चढलं की दहाने भागायचं. पाठ करायला सोपी, चालीत म्हणता येते आणि हीच शिडी मीटर-ग्रॅमलाही चालते. परीक्षा तोंडावर आली असेल आणि मुलाच्या हाती काहीच नसेल, तर शिडीइतक्या झटपट दुसरं काही उभं राहत नाही. हे तिचं श्रेय तिला दिलंच पाहिजे.

पण दुसरं गणित घाला. मूल ५० मिलीलीटरवरून तीन पायऱ्या चढलं तर ०.०५० येतं, त्यात २ मिळवले की २.०५. पण मूल पायऱ्या चढायला जातच नाही. ‘२ लीटर ५०’ असं तोंडाने म्हणतं आणि २.५० लिहून मोकळं होतं. दशांश चिन्हाकडे ते दोन आकड्यांमधलं कुंपण म्हणून बघतं: अलीकडे लीटर, पलीकडे मिलीलीटर. या समजुतीला शिडी हातही लावत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ज्या पायरीवर उभं आहोत तीही मोजणं. मग लीटर ते मिलीलीटर चार पायऱ्या होतात आणि ३ लीटरचे ३०,००० मिलीलीटर होतात. उत्तर दहापट फुगलंय हे शिडीवरून दिसत नाही, कारण तिच्यात फक्त उड्या मोजायच्या असतात, माप कुठेच नसतं.

तिसऱ्या गणितात तर ती पार कोलमडते. लीटरच्या शिडीवर घनमीटर नाहीच. मूल मीटरची शिडी काढतं, मीटर ते सेंटीमीटर दोन पायऱ्या मोजतं आणि १ घनमीटर म्हणजे १०० घनसेंटीमीटर असं ठरवून टाकतं. खरं उत्तर १०,००,०००. दहा हजार पटींची ही तफावत शिडी निमूटपणे चालवून घेते.

तक्ता

इथेही तीच सात एककं, पण आडव्या रांगेत, प्रत्येकाला एक रकाना. नियम एकच: संख्येचा एककस्थानचा अंक तिच्या एककाच्या रकान्यात बसतो, बाकीचे अंक आपापल्या जागी जातात.

२ लीटर ५० मिलीलीटर भरून बघा. २ लीटरच्या रकान्यात. ५० मधला ० मिलीलीटरच्या रकान्यात, ५ त्याच्या डावीकडे सेंटीलीटरमध्ये. डेसीलीटरचा रकाना रिकामा राहिला, तिथे ० भरा:

| लीटर | डेसीलीटर | सेंटीलीटर | मिलीलीटर |
|---|---|---|---|
| २ | ० | ५ | ० |

उत्तर लीटरमध्ये हवंय, म्हणून दशांश चिन्ह लीटरच्या रकान्यानंतर: २.०५०, म्हणजेच २.०५. मिलीलीटरमध्ये हवं असतं तर तेच अंक सरळ २,०५० असे वाचायचे. २.५० लिहिणाऱ्या मुलाला नेमका हा रिकामा रकाना दिसायला हवा असतो. समजावून सांगायचं फारसं उरत नाही. बोट ठेवून विचारायचं, ‘इथे काय आहे?’

शिवाय अंक आपल्या जागी राहतात, फक्त कुठल्या एककात वाचायचं ते बदलतं, हे तक्त्यात डोळ्यांना दिसतं. शिडी शिकलेली मुलं ‘चिन्ह सरकवायचं’ म्हणतात आणि डावीकडे की उजवीकडे यात अडकतात. तक्त्यात तो प्रश्नच उरत नाही.

तिसऱ्या गणितालाही तक्ता पुरतो, पण मशागत करावी लागते. घन एककांच्या तक्त्यात प्रत्येक एककाला तीन रकाने द्यावे लागतात, कारण शेजारच्या दोन घन एककांमध्ये हजारपटीचं अंतर असतं. घनमीटरच्या तिसऱ्या रकान्यात ०, पुढे घनडेसीमीटरच्या तीन रकान्यांत ७, ५, ०. घनडेसीमीटर म्हणजेच लीटर, म्हणून उत्तर ७५०. येतं ते बरोबर येतं, पण तीन-तीन रकाने कशासाठी, हे मुलाला माहीत नसेल तर ही नुसती चौकटी भरण्याची कवायत होते. आणि दशांश अपूर्णांकांची स्थानिक किंमत कच्ची असेल तर तक्ता काढूच नये, आधी ती पक्की करावी.

अपूर्णांक

१,००० मिलीलीटर आणि १ लीटर हे एकच माप आहे. म्हणून एकाला अंशात आणि दुसऱ्याला छेदात ठेवलं तर त्या अपूर्णांकाची किंमत १ होते, आणि १ ने गुणल्याने माप बदलत नाही, फक्त त्याचं एकक बदलतं. दुसरं गणित असं:

५० मिली × (१ लीटर ÷ १,००० मिली) = ०.०५ लीटर

वर मिली, खाली मिली, दोन्ही कटले, लीटर उरलं. २ मिळवा, २.०५. तिसरं तर एका ओळीत (घमी म्हणजे घनमीटर): ०.७५ घमी × (१,००० लीटर ÷ १ घमी) = ७५० लीटर. ‘१ घमी म्हणजे १,००० लीटर’ आठवत नसेल तर (१० डेसीमीटर ÷ १ मीटर) तीनदा गुणायचं. मीटर तिन्हीदा कटतो आणि घनडेसीमीटर उरतो.

हिची खरी ताकद चूक झाल्यावर दिसते. मुलाने अपूर्णांक उलटा धरला तर एकक येतं मिली गुणिले मिली भागिले लीटर. असलं एकक कुठे असतं का? मूल स्वतःच थबकतं. आपली चूक आपणच पकडून देणारी या तिघींत ही एकच. पुढे वेग, घनता, प्रवाह आले तरी पद्धत तीच राहते.

किंमतही तशीच मोजावी लागते. लिखाण वाढतं, आणि अपूर्णांकांचा गुणाकार हातात बसलेला नसेल तर सगळं हवेत राहतं. साधारण दहा-अकरा वर्षांच्या आधी ती लादू नये. त्याहून लहान मुलांसाठी हिचंच सोपं रूप आहे, एकमान पद्धत: १ लीटर म्हणजे १,००० मिलीलीटर, तर ३ लीटर म्हणजे ३ × १,०००.

तिघींच्याही आधी

पाणी. पद्धत कुठलीही निवडा, मुलाने मोजपात्र हाताळलेलं नसेल तर तिन्ही पोकळ. लहान मुलं पाण्याच्या उंचीवरून माप ठरवतात. तेच पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतलं की ‘वाढलं’ म्हणतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या प्रयोगांतून सर्वांना ठाऊक झालं. तसं म्हणणाऱ्या मुलाशी रूपांतराचं बोलण्यात अर्थ नाही. १०० मिलीलीटरच्या मापाने एक लीटरचं भांडं भरायला दहा मापं लागतात हे त्याने स्वतः मोजलेलं असावं. पातळी वाचताना डोळे पाण्याच्या रेषेत आणून वाचायची, वरून डोकावून नाही. काचेच्या मोजपात्रात पाणी कडेला किंचित वर चढतं, तेव्हा मधला खोलगट भाग धरायचा.

घन एककांसाठी जाड पुठ्ठ्याचं १० सेंटीमीटर बाजू असलेलं खोकं बनवा. तळावर एक सेंटीमीटरचे १० × १० म्हणजे १०० ठोकळे बसतात, असे दहा थर, एकूण १,०००. सगळे ठोकळे हाताशी नसले तरी एक थर आणि एक उभी रांग रचून पुरते. एवढ्यावरून १ लीटर म्हणजे १,००० घनसेंटीमीटर आणि १ मिलीलीटर म्हणजे १ घनसेंटीमीटर, दोन्ही निघतात. हा योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९५ साली लीटर ठरवला गेला तोच मुळी मीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनाइतका. मध्यंतरी १९०१ मध्ये त्याची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या घनफळाशी जोडली गेली आणि लीटर घनडेसीमीटरपेक्षा नाममात्र मोठा, १.००००२८ पट, झाला. १९६४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. चौकस मुलांना हा किस्सा आवडतो. बाकीच्यांना सांगितला नाही तरी चालेल.

मग घ्यायचं काय?

माझा कौल वयावर नाही, मुलाची गाडी कुठे अडते त्यावर आहे. पूर्णांकांशीच खेळणाऱ्या मुलाला पाणी, मोजपात्र आणि हजाराची एकमान पद्धत, बस. डेकालीटर-हेक्टोलीटर त्याच्या गळ्यात मारू नका. २.५० लिहिणाऱ्याला तक्ता, तोही लगेच. अपूर्णांक येतात पण घन एककांत गोंधळतो, त्याला पुठ्ठ्याचं खोकं आणि मागोमाग अपूर्णांकाची मांडणी. तक्ता आणि अपूर्णांक यातलं एकच निवडायची वेळ आली, तर मोठ्या मुलासाठी मी अपूर्णांक घेईन.

शिडी आधीच पाठ झालेली असेल तर ती विसरायला लावू नका, उगाच वाद होतो. फक्त दोन अटी घाला. गणिताला हात लावण्याआधी उत्तराची संख्या मोठी येणार की लहान, ते तोंडी सांगायचं. आणि प्रत्येक ओळीत एकक लिहायचं. इंग्रजी लिपीत लिहिणाऱ्या मुलांना लीटरसाठी मोठा एल वापरायला सांगा. छोटा एल १ सारखा दिसतो, म्हणूनच १९७९ मध्ये मोठ्यालाही अधिकृत मान्यता मिळाली. अटी अंगवळणी पडल्या की त्याच्यापुढे ०.७५ घनमीटरचं गणित ठेवा. शिडीवर घनमीटर सापडत नाही म्हणून मूल तुमच्याकडे बघेल, तेव्हा खोकं पुढे करा.